रविवारचा सराव गट, धंतोली: पोटातला दाब हाताला कसा शिकवायचा?

निळी_गादी | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार. मी नागपूरच्या धंतोलीत १८ वर्षं फिजिओथेरपी करते आहे. माझ्याकडचे चार कनिष्ठ फिजिओ आणि आसपासच्या दवाखान्यांतले सात-आठ जण रविवारी सकाळी साडेसातला एकत्र जमतात. गेले पाच महिने आम्ही डायनॅमिक न्यूरोमस्क्युलर स्टॅबिलायझेशनचा, म्हणजे डीएनएसचा, सराव करतोय. या पाच महिन्यांत शिकवताना माझं काय चुकलं ते मोकळेपणी लिहिते. तुमची मदतही हवी आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. ही विद्या प्रागची. वाक्लाव व्होइता हे बालमज्जातज्ज्ञ सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचाली बिघडणं) असलेल्या मुलांवर उपचार करत होते. मुलाला ठरावीक स्थितीत ठेवून अंगावर ठरावीक जागी दाब दिला, की सरपटण्याच्या आणि कुशीवर वळण्याच्या हालचाली आपोआप उमटतात, हे त्यांना दिसलं. १९६८ नंतर ते जर्मनीत गेले. प्रागमध्येच व्लादिमीर यांदा कुठले स्नायू आखडतात आणि कुठले ढिले पडतात याची मांडणी करत होते, कारेल लेविट हातांनी सांधे आणि ऊती मोकळ्या करायला शिकवत होते. यांदांना स्वतःला किशोरवयात पोलिओ झाला होता. त्यांनी आयुष्यभर स्नायूंकडे इतक्या बारकाईने पाहिलं, त्यामागे तेही असावं असं मला वाटतं. प्रागचेच फिजिओथेरपिस्ट पावेल कोलार यांनी हे सगळं एकत्र आणून डीएनएस उभं केलं.

गाभा असा. निरोगी बाळ तीन महिन्यांचं झालं की पाठीवर पडून दोन्ही पाय हवेत धरतं. त्याला हे कुणी शिकवत नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, खाली दाबतं, ओटीपोटाचा तळ खालून पेलतो, पोटाची भिंत चहूबाजूंनी ताणली जाते आणि त्या दाबावर कणा स्थिर राहतो. साडेचार महिन्यांच्या सुमाराला हा पाया पक्का होतो आणि मग एका कोपरावर भार देऊन दुसऱ्या हाताने खेळणं घेणं, कुशीवर वळणं, रांगणं हे त्यावर चढत जातं. मोठ्या माणसाची कंबर किंवा खांदा दुखतो तेव्हा आपण त्याला त्याच स्थितींत नेऊन तो पाया पुन्हा जागवायचा प्रयत्न करतो.

आता चूक. पहिले दोन महिने मी पडद्यावर स्लाइड लावून शिकवलं. तीन महिन्यांची स्थिती, सात-साडेसात महिन्यांची तिरकी बैठक, अस्वलासारखी चाल, सगळ्यांना सगळं पाठ झालं. मग एका रविवारी एकीला गादीवर निजवलं आणि बाकीच्यांना एकेक करून तिच्या खालच्या बरगड्यांवर बाजूने बोटं ठेवायला लावली. प्रश्न एकच: श्वास घेताना बरगड्या बाहेर रुंदावतात की वर उचलल्या जातात? अकरा जणांची उत्तरं जुळली नाहीत. दोघांनी तर नीट विचार करून एकदम उलट सांगितलं. ही सगळी हुशार मुलं आहेत, शरीररचना त्यांना माझ्यापेक्षा ताजी आठवते, पण हातांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या दिवशी मी स्लाइड बंद केल्या.

दुसरी अडचण भाषेची. 'पोटात दाब तयार करा' म्हटलं की रुग्ण श्वास रोखून पोट कडक करतो. 'पोटाने श्वास घ्या' म्हटलं की पोट फक्त पुढे फुगतं, पाठीकडे काहीच होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, वय ५२. पूर्वी कुठेतरी त्यांना सांगितलं होतं, 'दिवसभर पोट आत ओढून ठेवा.' त्या चार वर्षं इमानाने ते करत होत्या, आणि कंबर मात्र अजून धरत होती. मी त्यांच्या मांडीच्या सांध्याजवळ आणि मागे कमरेवर बोटं ठेवून समजावत होते. मध्येच त्या म्हणाल्या, 'म्हणजे करदोडा चारही बाजूनं ताणला जाते, तसं का जी?' तसंच! करदोडा फक्त पुढून ताणला गेला तर चूक. मागून, बाजूने, खाली जांघेकडे सारखा ताणला गेला तर बरोबर. इतकं नेमकं वाक्य मला कुठल्याच वर्गात मिळालं नव्हतं.

तर माझे प्रश्न: हाताचा स्पर्श तुम्ही कसा शिकवता? एका शिकवणाऱ्यामागे किती जण असावेत? आणि रुग्णाला कळतील अशी मराठी वाक्यं तुमच्याकडे कोणती आहेत?

संत्राबाग | रविवार, रात्री १०.०२

ताई, करदोड्याचं वाक्य मी उद्यापासूनच वापरणार.

स्पर्शाबद्दल माझा अनुभव सांगतो. मी काटोल रोडला बसतो. नवीन मुलांना आधी डोळे मिटायला लावतो. डोळे उघडे असले की ते छातीकडे बघून उत्तर देतात. मग माझा हात रुग्णावर आणि त्यांचा हात माझ्या हातावर. मी किती हलकं धरलंय ते त्यांना तिथे कळतं. नंतर उलटं: त्यांचा हात खाली, माझा वर. नवीन माणूस फार दाबतो, आणि जोरात दाबलेल्या बोटाला काही ऐकू येत नाही.

दुसरं साधन आपल्याकडे घरोघरी आहे, उन्हाचा दुपट्टा. खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळायचा, टोकं समोर रुग्णाच्याच हातात द्यायची, आणि सांगायचं, 'श्वासाने दुपट्टा मागच्या बाजूने ताणून दाखवा.' पाठीवर निजलेल्या माणसाला गादीचाही आधार मिळतो, त्यामुळे मागचा श्वास लवकर सापडतो.

एका शिकवणाऱ्यामागे चार. सहाच्या वर गेलं की दोघं तरी नुसतं पाहत बसतात.

कसोटी | रविवार, रात्री ११.२५

विरोध म्हणून लिहीत नाही, काळजीपोटी लिहितो आहे. मी कॉलेजात शिकवतो.

१९९६ मध्ये क्वीन्सलँडच्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की कंबरदुखीच्या रुग्णांत हात उचलण्याआधी पोटाचा सगळ्यात आतला स्नायू उशिरा कामाला लागतो. निरीक्षण चांगलं होतं. पण त्यातून 'पोट आत ओढा' हा मंत्र निघाला आणि जगभर पसरला. ताईंच्या शिवणकामवाल्या बाई चार वर्षं जे करत होत्या ते त्याचंच फळ. आता श्वासपटलाच्या बाबतीत आपण तेच करणार नाही ना?

कोलार आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा एमआरआय अभ्यास मी वर्गात शिकवतो. जुनाट कंबरदुखीचे १८ रुग्ण आणि २९ निरोगी माणसं. हातापायावर जोर देताना रुग्णांचं श्वासपटल कमी हललं. अभ्यास मोलाचा आहे. पण दुखण्यामुळे श्वासपटल कमी हललं, की कमी हलल्यामुळे दुखलं, हे तो सांगू शकत नाही. जुनाट कंबरदुखीत व्यायामाने फायदा होतो, याला भक्कम आधार आहे. अमुकच पद्धत बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस, असं म्हणायला तसा आधार नाही.

म्हणून माझी विनंती: रविवारच्या गटात ही विद्या 'मूळ कारण' म्हणून शिकवू नका. आणि प्रत्येक रुग्णाचं आधी-नंतर मोजा. दुखणं किती, वाकून बूट घालता येतो का, किती वेळ बसवतं, इतकं साधं असलं तरी चालेल, पण लिहून ठेवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लघवी अडकणं, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा, हे असेल तर गादी गुंडाळून तातडीने डॉक्टरकडे पाठवा. हे पहिल्या रविवारीच शिकवायला हवं.

निळी_गादी | सोमवार, सकाळी ६.४०

सर, मान्य. मोजमापाचा कागद आमच्याकडे नव्हता, या आठवड्यात करते. आणि 'मूळ कारण' हा शब्द मी दोन-तीनदा वापरला आहे, खरं आहे. येत्या रविवारी गटासमोर तो मागे घेते.

एक सांगावंसं वाटतं. मला या विद्येतून सगळ्यात जास्त मिळालं ते बघायला शिकणं. रुग्ण पाय उचलतो तेव्हा त्याची मान मागे जाते का, खालच्या बरगड्या पुढे उघडतात का, खांदे कानाकडे चढतात का, कंबर गादीवरून उठते का. हे दिसायला लागलं की व्यायाम कुठलाही द्या, तो चुकतोय कुठे ते समजतं.

पहिलं_पाऊल | सोमवार, दुपारी २.१५

मी फक्त लहान मुलांबरोबर काम करते, त्यामुळे माझी चिंता वेगळी आहे.

मोठ्यांना बाळाच्या स्थितीत व्यायाम देणं वेगळं आणि बाळावर उपचार करणं वेगळं. मूलभूत अभ्यासक्रम करून आलेली काही उत्साही मंडळी दुसऱ्याच आठवड्यात सेरेब्रल पाल्सीची मुलं घ्यायला लागतात. कृपा करून असं करू नका. त्या मुलांसाठी आज सगळ्यात चांगला आधार आहे तो लवकर सुरुवात, घरातलं खरं काम ध्येय म्हणून ठेवणं आणि मुलाने स्वतः हालचाल करणं, याला. आपण मुलाला हलवत राहिलो तर तेवढं शिकणं होत नाही.

लवकर ओळखणं मात्र प्रत्येक फिजिओला यायला हवं. अपेक्षित तारखेनंतर ३ ते ५ महिन्यांच्या बाळाच्या अंगभर सतत बारीक चुळबुळ चालू असते. ती चुळबुळच नसणं ही फार मोठी खूण आहे आणि ती नुसत्या बघण्याने कळते, मात्र बघणाऱ्याने त्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दुरुस्त करून मोजायचं: ३२ आठवड्यांचं जन्मलं असेल तर ८ आठवडे वजा. हे विसरल्यामुळे घाबरलेले कितीतरी पालक माझ्याकडे येतात. शंका आली तर मूल पाठवायचं कुठे, हेही गटाला माहीत असू द्या. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं त्यासाठीच आहेत.

गटाला खरं बाळ दाखवायचं असेल तर मी मदत करेन. पालकांची लेखी परवानगी, बाळाचं पोट भरलेलं, झोप झालेली, आणि कुणीही हात लावायचा नाही. वीस मिनिटं नुसतं बसून बघायचं.

किराणा_सक्करदरा | सोमवार, रात्री ९.३०

नमस्कार जी. मी फिजिओ नाही, माहा किराण्याचा धंदा आहे. बायकोनं हे वाचाले देल्लं म्हणून लिहून राह्यलो. माही पोरगी दहा महिन्याची झाली. बसते मस्त, पण रांगतच नाही. बसल्या बसल्या सरकत सरकत घरभर फिरते. आई म्हणते पांगुळगाडा आना, पाय सुटतीन. मोबाइलवर पाह्यलं तं म्हणते, रांगलं नाही तं पुढं पाठ कमजोर राह्यते. बायको दोन दिवस जेवली नाही बरोबर. काय करावं जी आमी?

पहिलं_पाऊल | सोमवार, रात्री १०.०५

दादा, आधी वहिनींना जेवायला सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ बाळांचा अभ्यास केला होता, त्यात भारतातली बाळंही होती. हातगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांच्या मध्ये कधीही सुरू झालं, आणि ४.३ टक्के बाळं तशी रांगलीच नाहीत. एकटं चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या मध्ये आलं. तुमची मुलगी बसते, स्वतःची वाट काढून घरभर फिरते, हे चांगलं आहे. रांगली नाही म्हणून पाठ कमजोर होते असं कुणी ठामपणे म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तरी दोन दिवस एवढं बघा. दोन्ही हात सारखे वापरते का, की एकच मूठ नेहमी बंद असते? सरकताना एकच पाय ओढला जातो का? पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट बंद झाली आहे का? यातलं एकही असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वर्षाच्या आतच एका हाताची ठळक सवय दिसणं हे कौतुकाचं नसतं, तपासायचं असतं. यातलं काही नसेल तरी पुढच्या लशीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.

जुना लाकडी पांगुळगाडा निदान उभं राहून ढकलायचा तरी असतो, आणि तोही मूल स्वतः उभं राहायला लागल्यावर. पण बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर अजिबात आणू नका. पायऱ्यांवरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी, थोड्या अंतरावर वाटी-चमचा, आणि तिच्या समोर पालथी पडलेली आजी. आजीला नक्की सांगा, त्यांच्यापर्यंत पोचायला मुलगी काहीतरी युक्ती काढेलच.

मेडिकल_चौक | मंगळवार, रात्री ११.५०

मी इंटर्न आहे आणि निळी_गादी मॅडमच्या गटात येते. उलट सांगणाऱ्या दोघांतली एक मीच.

माझ्यासाठी गोष्ट बदलली ती स्वतः गादीवर पडल्यावर. मॅडमनी माझ्या पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या, छाती उच्छ्वासाच्या जागी खाली आणली आणि म्हणाल्या, 'आता श्वास बोटांपर्यंत पाठव.' बोटं जांघेच्या जरा वर होती. सात-आठ श्वास काही झालं नाही. मग त्यांनी माझं डोकं घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून मान लांब केली, आणि एकदम खाली काहीतरी भरल्यासारखं वाटलं. त्यानंतर एक पाय खुर्चीवरून एक बोटभर उचलायला लावला. छाती वर उडाली. मला कळलं, माझं स्वतःचंच येत नाही आणि मी रुग्णांना शिकवून राहिली होती. आता रोज रात्री होस्टेलवर दहा मिनिटं करते.

एक शंका आहे. आपल्याकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण खूप येतात. परवा एक २३ वर्षांचा मुलगा आला, दोन्ही खुबे दुखत होते. आमच्यातला एक जण त्याला उकिडवं बसवायला निघाला होता, वरिष्ठांनी थांबवलं. डीएनएसमध्ये बारा महिन्यांची स्थिती म्हणून उकिडवं शिकवतात. अशा रुग्णात काय करायचं?

निळी_गादी | बुधवार, सकाळी ६.५५

तुझ्या वरिष्ठांनी योग्य तेच केलं. विदर्भात काम करणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं: सिकलसेलच्या रुग्णात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं. तरुण रुग्ण, सिकलसेल, जांघेत दुखणं, मांडी आत वळवताना अडकणं, हे सगळं जुळलं की आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असू शकतो, एमआरआयमध्ये आधी दिसतं. निदान होईपर्यंत खोल उकिडवं नाही, एका पायावर भार नाही. श्वासाचं काम पाठीवर किंवा कुशीवर निजून करता येतं, पण थकवायचं नाही. पाणी भरपूर, आणि एप्रिल-मे मध्ये तर दुपारी बोलवायचंच नाही.

बाळाची स्थिती रुग्णाला 'वयाप्रमाणे' चढत्या क्रमाने द्यायलाच हवी, असा काहींचा समज होतो. तसं नाही. ज्या स्थितीत तो न दुखता, श्वास न अडवता दाब टिकवू शकतो तिथून सुरू करायचं. काही जणांना पाठीवर अजिबात जमत नाही पण हातगुडघ्यांवर लगेच जमतं.

कपाशी | बुधवार, दुपारी ४.२०

मी सावनेरकडच्या गावांत जाऊन काम करते. उकिडव्याचा विषय निघाला म्हणून लिहिते.

आमच्या कापूस वेचणाऱ्या बायका साठीतही उकिडव्या बसून भाकरी थापतात. खुबे, घोटे सगळं मोकळं. त्यांना उकिडवं बसायला शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. त्यांचा त्रास वेगळा आहे. कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली, तासन्‌तास वाकलेलं अंग, आणि परकराची नाडी इतकी घट्ट की कमरेवर काळा वण पडलेला. श्वास त्या नाडीच्या खाली जाणार कसा? मी आधी नाडी सैल करायला लावते, किंवा रुंद पट्टी लावून शिवून घ्यायला सांगते. मग ओटी पोटासमोर एकाच बाजूला लोंबू न देता खांद्यावरून पट्टा घेऊन बांधायला शिकवते. व्यायाम तिसरा.

सांगताना मी म्हणते, 'घागर उचलायच्या आधी करदोडा भरा.' त्यांना कळतं. आणि त्या वेळी श्वास कोंडू नका, 'हं' म्हणत उचला, हेही सांगते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच असतात.

संत्राबाग | बुधवार, रात्री ८.४५

कपाशीताई, नाडीचं मी आजपर्यंत एकदाही तपासलं नव्हतं. आज तीन बायकांचं पाहिलं. दोघींना वण होता. एकीला नाडी सैल करून पुन्हा श्वास घ्यायला सांगितलं, बोटांखाली लगेच फरक लागला. पुरुषांत पट्ट्याचं तेच असणार.

कसोटी | गुरुवार, सकाळी ७.३०

हे सगळं मोजा, अशी पुन्हा विनंती. नाडी सैल करण्याआधी आणि नंतर खालच्या बरगड्यांभोवती टेपने श्वासाचा फरक घ्या. टेप सगळ्यांकडे आहे. आणि मोजणाऱ्याला नाडी सैल आहे की घट्ट हे माहीत नसेल असं करता आलं तर फारच छान. मी रविवारी येतो, कागद मी बनवून आणतो.

निळी_गादी | शनिवार, रात्री ९.००

सर येणार म्हणून सगळे जरा घाबरलेत, पण आनंदही आहे.

उद्याचं ठरलं ते असं. साडेसातला सुरुवात, पोटात फार काही नको, पोहे नंतर. तीन गट, प्रत्येकी चार जण. संत्राबाग, कपाशीताई आणि मी एकेका गादीशी. पहिला तास फक्त पाठीवरची तीन महिन्यांची स्थिती, दुसरं काहीच नाही. आधी प्रत्येकाने स्वतः निजायचं, मग हातावर हात, मग डोळे मिटून. टेपची मापं सर घेतील आणि कोण काय म्हणालं ते बंद कागदावर लिहिलं जाईल, म्हणजे उत्तरं किती जुळतात ते आकड्यात कळेल. तीन महिन्यांनी हेच पुन्हा करू.

साडेनऊला बाळ येतंय. किराणावाले दादा आणि वहिनी मुलीला घेऊन येत आहेत, पहिलं_पाऊल ताईंनी तिला काल पाहिलं आहे आणि त्या सोबत असतील. वहिनींनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि वर विचारलं, तिची आवडती वाटी आणू का. हो, आणा. आजीही येणार आहेत, सतरंजी मी घालून ठेवते.

बूट बाहेर काढा, नखं कापून या, आणि मोबाइल माझ्या टेबलावर जमा.